तोंड पुढे, आवाज मागे

आमच्या दुकानात शिरणाऱ्या गिऱ्हाइकाची पहिली दोन वाक्यं ठरलेली असत. पहिलं, "मालक कुठं हायत?" मी हातातली सोल्डर गन खाली ठेवून "मीच" म्हणायची. मग माणूस एकदा माझ्याकडे, एकदा पाटीकडे बघायचा आणि दुसरं वाक्य एका दमात टाकायचा. "घरात जुना डेक हाय, लई भारी वाजतोय, मोबाइलमधलं गाणं त्यातनं आलं पायजे, आन् खर्च लई नको."

आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात आम्ही दोनच मुली होतो. दुसरीने लग्नानंतर सोडलं. मी कोल्हापुरात राजारामपुरीत दुकान टाकलं आणि रेडिओपासून सुरुवात करून टेपरेकॉर्डर, डेक, सीडी असं करत करत मोबाइलपर्यंत येऊन ठेपले. दोन वर्षांपूर्वी दुकान आवरलं. अजूनही भाजी घ्यायला गेले की कुणीतरी अडवून विचारतं, "ताई, कुठली डबी घेऊ?"

तर आधी ती डबी म्हणजे काय, ते सांगते. तुमच्या घरातला जुना ॲम्प्लिफायर आणि ते दोन मोठे स्पीकर भंगारात घालू नका. आजच्या घडीला तसा दणका विकत घ्यायला गेलात तर डोळे पांढरे होतील. त्या बिचाऱ्याचा दोष एवढाच, की त्याला मोबाइलची भाषा येत नाही. म्हणून मध्ये एक दुभाष्या ठेवायचा. काडेपेटीएवढी डबी असते. एका बाजूने ती मोबाइलचं गाणं हवेतून घेते, दुसऱ्या बाजूने लाल आणि पांढऱ्या पिनेच्या वायरीने ॲम्प्लिफायरला देते. ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे 'ऑक्स' किंवा 'टेप' लिहिलेलं भोक शोधायचं आणि त्यात पिना घालायच्या. रेकॉर्ड प्लेयरच्या भोकात घालायच्या नाहीत, नाहीतर घरात चक्की सुरू झाल्यासारखा आवाज येतो. एवढंच माझं शास्त्र. बाकी दुकानदार सांगतात त्या सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरी वगैरे, त्याने फक्त दुकानदाराच्या बायकोच्या गळ्यात सोनं वाढतं. मला बायको नसल्यामुळे मी साध्या वायरी विकल्या.

या डब्यांनी मला हसवलंही खूप. मंगळवार पेठेतले एक निवृत्त मुख्याध्यापक होते. कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य असलेलं घर. त्यांना रोज सकाळी पूजेच्या वेळी स्पीकरवर स्तोत्रं हवी होती. मी ब्लूटूथची डबी बसवून दिली. आठवड्याभरात सर लालबुंद होऊन दुकानात हजर.

"तुमच्या यंत्राला संस्कार नाहीत," ते म्हणाले.

झालं असं होतं, की शेजारच्या वहिनी नवी डबी बघायला आल्या होत्या आणि कौतुकाने त्यांचाही मोबाइल जोडून बघितला गेला होता. ही डबी एकदा जोडलेला मोबाइल विसरत नाही. भिंतीपलीकडून वहिनींनी तांबड्या रश्श्याचा व्हिडिओ लावला, त्याच वेळी सरांचा मोबाइल झोपी गेला होता. सर हातात निरांजन घेऊन उभे आणि देवघरात खणखणीत आवाज घुमला, "आता मटण स्वच्छ धुऊन घ्या." सरांच्या पत्नी पदर तोंडाला लावून आत पळाल्या म्हणे. मी वहिनींचा मोबाइल डबीच्या आठवणीतून काढून टाकला. तरी सर पुढे बरेच दिवस पूजेला बसण्याआधी शेजारी आज काय बेत आहे, याची चौकशी करत.

असल्या गोष्टी सांगताना मला कुणी थांबवलं नाही तर मी थांबत नाही. पण मला आज सांगायचं आहे ते इचलकरंजीच्या महादेवअण्णांबद्दल. माझ्या धंद्यात माझी सगळ्यात मोठी चूक त्यांच्याच बाबतीत झाली.

अण्णा जॉबर होते. यंत्रमागांच्या शेडमध्ये बिघडलेले माग दुरुस्त करणारा तो जॉबर. चाळीस वर्षं त्यांनी मागांच्या खडखडाटात काढली होती. उंच, वाळलेले, बोटांना तेलाचा काळा रंग कायमचा मुरलेला. बोलायचे ते पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असं. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनीही मालकाची चौकशी केली. मग मला 'अक्का' म्हणू लागले ते शेवटपर्यंत.

"लेकीचं गाणं हाय अक्का," ते म्हणाले. "पुण्याला. येत्या रविवारी सकाळी. पैल्यांदाच येकटीचा कार्येक्रम हाय, दोन तास. आन् त्यो घरात टीव्हीवर दिसणार हाय, इंटरनेटवरनं."

"मग अण्णा, पुण्यालाच जायचं की!"

"मागं येकदा गेलतो. इतक्या लांब बसवलं, मला काय बी कळलं न्हाय. लोक टाळ्या वाजवत्यात म्हणून म्या बी वाजवल्या." मग ते त्यांच्या मानाने हळू म्हणाले, "पोरगी इतकी वर्सं गातिया, पण म्या तिचं गाणं धड ऐकलं न्हाय कधी. घरातला डेक मोठा हाय, त्यातनं मला ऐकू येतंय. टीव्हीचा आवाज तेवढा त्यातनं काढून द्या."

लेकीचं नाव सुमन. बापाने नाव घेतलं तेव्हाच चेहरा असा काही उजळला, की मी त्या कामात फायदा धरायचा नाही असं ठरवून टाकलं.

मी त्यांना स्वस्तातली चांगली डबी दिली. टीव्ही नवा होता, तो हवेतून आवाज पाठवू शकत होता. दुकानातल्या माझ्या ॲम्प्लिफायरला डबी लावून, मोबाइलवरून दोन गाणी वाजवून दाखवली. सुरेख वाजली. अण्णा मान डोलावत गेले.

दोन दिवसांनी परत आले. "आवाज उशिरा येतोय."

मी पुन्हा गाणं लावलं. व्यवस्थित. "कुठे उशिरा येतोय अण्णा?"

"हितं न्हाय येत. घरात येतोय."

मी जास्त किमतीची डबी त्याच भावात बदलून दिली. शुक्रवारी ते पुन्हा दारात. तीच तक्रार. डोकं दुखतंय म्हणाले, टीव्ही बघवत नाही म्हणाले. त्या दिवशी दुकानात चार माणसं खोळंबली होती, वर उन्हाळा, वर वीज जाऊन-येऊन. मी दोन्ही डब्या त्यांच्यासमोर वाजवून दाखवल्या आणि बोलून गेले, "अण्णा, दोष डबीत नाही, तुमच्या कानात आहे. कानाच्या डॉक्टरांना दाखवा."

सगळ्या गिऱ्हाइकांसमोर बोलले. अण्णांनी दोन्ही डब्या काउंटरवर ठेवल्या, नीट, एकीशेजारी एक. "व्हय, कानच गेल्यात माझं," एवढं म्हणून ते निघून गेले. माझं तोंड फटकळ आहे आणि कोल्हापुरात ते खपून जातं, पण त्या दिवशी ते खपण्यासारखं नव्हतं. दुकानदाराने गिऱ्हाइकाला खोटं ठरवण्याआधी एक साधा प्रश्न विचारायचा असतो. आवाज उशिरा येतोय, तर कशापेक्षा उशिरा? मी विचारलाच नाही.

शनिवारी सकाळी फोन आला. अण्णांच्या पत्नी, शेवंतावहिनी. बिलावरचा नंबर बघून लावलेला.

"ताई, तुमी काय बोलला ह्यांस्नी? डेकवर चादर टाकून ठेवलीया. उद्याचा कार्येक्रम बघायचा न्हाय म्हणत्यात. लेकीला काय सांगू मी? ती तिकडं जीव टांगून बसलीया, अण्णा ऐकणार म्हणून."

मी दुकानाला कुलूप लावलं आणि इचलकरंजीची एसटी धरली. वाटेत हातकणंगल्यापर्यंत माफी कशी मागायची याची वाक्यं जुळवली. त्यापुढे ती सगळी विसरले.

घरी वहिनी एकट्याच होत्या. गुडघ्यांनी अधू, पण नजर तीक्ष्ण. म्हणाल्या, "रुसलं की शेडातच जाऊन बसत्यात. चार घरं सोडून हाय. जावा, घेऊन या."

यंत्रमागाच्या शेडमध्ये मी त्याआधी कधी गेले नव्हते. दारातच आवाज अंगावर आला. कान बंद करावेत तर तो छातीतून आत शिरत होता. माझा सगळा जन्म आवाजात गेला, पण आवाज इतका माजलेला मी पाहिला नव्हता. अण्णा अलीकडच्या मागाजवळ उभे होते. पार पलीकडच्या टोकाला, सहा-सात माग ओलांडून, एक कामगार धाग्याची तुटलेली टोकं जोडत होता. आणि ही दोन माणसं गप्पा मारत होती.

खरोखरच्या गप्पा. अण्णांचे ओठ हलले, तो हसला. त्याचे ओठ हलले, अण्णांनी कपाळावर हात मारला. मग दोघं मिळून कुणाची तरी टिंगल करत होते आणि ती माझीच असावी, कारण दोघांनीही वळून माझ्याकडे बघितलं. या सगळ्यात आवाजाचा टिपूस नाही. अण्णा माझ्याकडे बघूनही काहीतरी म्हणाले. मी खुळ्यासारखी उभी. शेवटी ते बाहेर आले.

"एवढ्या लांबून तुम्हाला ऐकू कसं येतं?" मी विचारलं.

"ऐकतंय कोण? बघतोय की," अण्णा म्हणाले. "शेडात समदी असंच बोलत्यात. तोंड बघायचं, कळतंय. आमची सुमन ल्हान हुती तवा हितं दारात बसून गायाची. म्या मागावरनं तिचं तोंड बघायचो. कुठलं गाणं हाय, कुठं चुकली, समदं कळायचं. आवाज तेवढा ऱ्हायला."

मी तिथेच शेडच्या पायरीवर बसले. "अण्णा, टीव्हीवर काय होतं ते मला आता नीट सांगा."

"बाई तोंड उघडतिया. मग मिटतिया. आन् मग आवाज येतोय. नुसत्या आवाजावरनं मला शब्द लागत न्हाईत, तोंड बघाय लागतंय. तोंड येक सांगतंय, डेक दुसरंच सांगतोय. म्या कुणाचं ऐकू? घरातल्या बाकीच्यांस्नी काय वाटत न्हाय. मला तर दोन माणसं येकदम वरडल्यासारखं हुतंय."

हवेतून जाणारा आवाज उशिरा पोचतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. टीव्ही आवाजाची घडी घालून पाठवतो, डबी ती घडी उलगडते आणि मग तो ॲम्प्लिफायरला देते. या घडी घालण्या-उलगडण्यात सेकंदाचा लहानसा तुकडा जातो. चित्र मात्र तोवर पुढे गेलेलं असतं. तुमच्या-माझ्यासारख्यांना ते जाणवत नाही, जाणवलं तरी आपण चालवून घेतो. नुसतं गाणं ऐकायचं असेल तर काहीच बिघडत नाही, आणि मी दुकानात नुसतं गाणंच वाजवून बघत होते. अण्णा मात्र चाळीस वर्षं ओठांवर जगलेले. तो तुकडा त्यांनी पहिल्या मिनिटात पकडला होता, आणि मी त्यांनाच बहिरं ठरवून मोकळी झाले होते.

"अण्णा, तुम्ही बरोबर होता. चुकले मी," मी म्हणाले. "चारचौघांत बोलले, त्याची फार लाज वाटते."

"आवो, कान बी गेल्यातच की," अण्णा मोठ्याने हसले. शेडच्या आवाजावर त्यांचं हसणं चढलं. "मागात जल्म काढल्यावर काय ऱ्हातंय? पण डोळं शाबूत हायत."

अण्णांच्या घरी येऊन मी टीव्हीच्या पाठीमागे मोबाइलचा उजेड मारला. मला हवं ते होतं. एक चौकोनी भोक, त्यावर कुणी न काढलेलं प्लास्टिकचं टोपण. त्यातून आवाज उजेडाच्या रूपात बाहेर येतो. तो उजेड घेऊन लाल-पांढऱ्या पिनांना आवाज देणारी आणखी एक डबी मिळते. पहिल्या डबीपेक्षाही स्वस्त, आणि उशीर असा की कुणाच्या बापाला कळू नये. फक्त हवेऐवजी वायर. इतकी वर्षं गिऱ्हाइकांना "आता वायरीचे दिवस गेले" म्हणून सांगत आले होते, ते मुकाट गिळलं. टीव्ही एका भिंतीला, डेक समोरच्या भिंतीला, मध्ये दरवाजा. अण्णांनी कापड मोजावं तसं हाताने अंतर मोजून दिलं.

रविवारी सकाळी पहिल्या गाडीने सामान घेऊन पोचले. कार्यक्रम दहाला होता. उजेडाची वायर आखूड घ्यायची असते, ती मुडपली की कामातून गेली. लांबचा पल्ला साध्या तांब्याच्या वायरीने गाठायचा. एवढं मी ठरवून आणलं होतं. वहिनींचं मात्र ठरवलेलं नव्हतं.

"दिवाळीला रंग दिलाय. भिताडाला खिळा मारायचा न्हाय," त्यांनी बजावलं.

अण्णांनी मग वायर देवांच्या तसबिरींच्या मागून, दाराच्या चौकटीवरून, पडद्याच्या दांडीवरून अशी ओवली, की दिसेना. जिथे बांधायची तिथे त्यांनी सुताच्या धाग्याने इतकी बारीक गाठ मारली, की मला ती सोडता आली नसती. मी टीव्हीत आखूड वायर खोचली, तिच्या दुसऱ्या टोकाला लाल ठिपका चमकला. वहिनी चष्मा लावून वाकल्या. "ह्या उजेडातनं माझी पोरगी गाणार?" म्हणाल्या आणि त्या टोकाला त्यांनी नमस्कारच केला.

सगळं जोडलं. डेकवरची चादर काढली. टीव्ही लावला. डेक मुका.

पिना काढून पुन्हा घातल्या. वायर तपासली. डबीचा दिवा लागलेला. घड्याळात पावणेदहा होऊन गेले होते. टीव्हीवर पडदा दिसत होता, समोर समई, दोन तंबोरे. अण्णा खुर्ची पुढे ओढून बसले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या अक्का. म्या तोंड बघतो. सवय हाय."

असं कुणी समजुतीने बोललं की मला जास्त लागतं. "गप बसा," मी त्यांना म्हणाले. पुन्हा फटकळ.

मग डोक्यात प्रकाश पडला. टीव्ही कधीकधी आवाज भारीतल्या पद्धतीने गुंडाळून पाठवतो आणि स्वस्त डबीला ती पद्धत कळत नाही. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन 'पीसीएम' असं निवडायचं असतं. साधा आवाज, काही न गुंडाळलेला. हे मी दुसऱ्यांना फोनवर पन्नासदा सांगितलं असेल. माझ्याच हातून राहिलं. रिमोटने तीन पायऱ्या खाली गेले, बटण दाबलं, आणि कुठल्याशा मसाल्याची जाहिरात दोन्ही स्पीकरमधून इतक्या जोरात फुटली, की वहिनींच्या हातातला चहा सांडला आणि शेजारचे दोघं काय झालं म्हणून दारात आले. अण्णांनी त्यांना आत बसवून घेतलं. डेकवरचं बारीक सूर वाढवणारं 'ट्रेबल'चं बटण त्यांनी आधीच शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं. तसं वाजवणं माझ्या कानांना सुईसारखं टोचतं, पण मी त्या बटणाला हात लावला नाही.

पडदा उघडला. सुमन. बापाचाच उंच, वाळका बांधा, आईची नजर. कॅमेरा जवळ गेला. तिने डोळे मिटले, ओठ उघडले आणि त्याच क्षणी आवाज आला. पुढे नाही, मागे नाही.

मी गाणं ऐकलंच नाही. मी अण्णांकडे बघत होते. ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, मान पुढे काढून बसले होते. बऱ्याच वेळाने वहिनींकडे वळून म्हणाले, "बारीक हाय की गं आवाज. मला वाटलेलं, जाड असंल."

"माझ्यावर गेलाय," वहिनी म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मी माझा रुमाल शोधला. दुकान चालवण्याच्या सगळ्या वर्षांत मी इतकी सुखात कधी बसले नव्हते, हे लिहून टाकते.

पहिलं गाणं संपलं. टाळ्या झाल्या. पेटीवाला पुढच्या गाण्याचे सूर चाचपत होता. सुमनने माइक बाजूला केला, सरळ कॅमेऱ्यात बघितलं, आणि तिचे ओठ हलले. पेटी ऐकू येत होती, तिचा आवाज नव्हता. वायर सुटली! मी उठून टीव्हीच्या मागे धावले, पिना दाबल्या, लाल ठिपका बघितला. सगळं जागेवर होतं. वळून बघते तर अण्णा आणि वहिनी दोघंही हसत होते, आणि अण्णांचे ओठ टीव्हीकडे बघून हलत होते. भराभर, आवाज न काढता, बराच वेळ.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"'अण्णा, आलं का ऐकू?' म्हणून इचारतिया."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं की समदं," अण्णा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले. "तुमी बसा आता अक्का, हालू नगा. तिचं तोंड दिसंना झालंय मला."